‘मशीन घेत नाही’



‘स्टार ट्रेक’ ही जुनी अमेरिकन मालिका आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिली असेल. तिचा ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’ नावाचा एक भाग ८ मार्च १९६८ रोजी प्रथम दाखवला गेला. गोष्ट अवकाशयानाची आहे, पण मला ती आपल्या जिल्ह्यातील एका रेशन दुकानाच्या ओट्यावर आठवली. म्हणून आधी तीच सांगतो.

एंटरप्राइझ या यानावर ४३० माणसे आणि त्यांचा प्रमुख कॅप्टन कर्क. डॉ. डेस्ट्रॉम हे शास्त्रज्ञ एम-५ नावाचा संगणक त्या यानावर बसवतात. यान तोच चालवणार, हुकूम तोच देणार, माणसे २० पुरेत. हेतू चांगलाच होता, माणसांचे प्राण धोक्यात पडू नयेत हा. सुरुवातीला संगणक कर्कपेक्षा चपळ ठरतो, इतका की एक वरिष्ठ अधिकारी कर्कला ‘बिनकामाचा सुटा भाग’ अशा अर्थाचे नाव ठेवून मोकळा होतो. मग लुटुपुटूच्या लढाईचा सराव सुरू होतो. एम-५ ती लढाई खरी समजतो आणि आपल्याच बाजूच्या यानांवर मारा करतो. एका यानावरील सर्वच्या सर्व माणसे मरतात. संगणक बंद करू पाहावे, तर तो बंद होऊ देत नाही.

डेस्ट्रॉम यांनी त्या यंत्रात स्वतःच्या मनाचे ठसे उतरवलेले असतात. खून हा देवाच्या व माणसाच्या नियमाविरुद्ध आहे, ही त्यांची श्रद्धाही त्याबरोबर आत गेलेली असते. कर्क संगणकाला त्या मृतांविषयी विचारतो, खुनाची शिक्षा काय म्हणून विचारतो. संगणक म्हणतो, मृत्यू. आणि स्वतःला बंद करून घेतो. त्याला अपराध कळला, पण परतीची वाट ठाऊक नव्हती. यहूदालाही अपराध कळला होता. पेत्र मात्र रडला आणि परत आला.

इकडे उरलेल्या यानांना एंटरप्राइझ उडवून देण्याचा हुकूम मिळालेला असतो. कर्क बचावाची ढाल वर न करता तसाच उभा राहतो. समोरचा अधिकारी, तोच थट्टा करणारा, ते पाहून मारा थांबवतो. तो थांबेल, हे कर्कला कुठल्या हिशेबाने कळले नव्हते. त्या माणसाला काळीज आहे, एवढेच तो जाणून होता.

प्रत्यक्षातही असे घडले आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लष्कराच्या संगणकाने अमेरिकेची क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. पाळीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो खोटा मानला, आणि तो खोटाच होता. यंत्राने माणसाच्या जिवाचा निर्णय कधीच करू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी इटलीत जी-७ देशांच्या नेत्यांना सांगितले.

आपल्याकडे क्षेपणास्त्रे नाहीत, अंगठा आहे. कोयत्याने ज्यांचे हात घासले गेले, त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच उरत नाहीत. त्या ओट्यावर एक मावशी पाच वेळा अंगठा लावून बाजूला झाल्या. “मशीन घेत नाही, मी काय करू?” दुकानदार म्हणाला. वास्तविक अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. म्हणजे करण्यासारखे त्याच्या हाती होते. पिलातानेही पाणी मागवून हात धुतले होते. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण त्याचे नाव घेतो, ते उगीच नाही.

यंत्रावर मी सगळा दोष ढकलत नाही. मशीन येण्यापूर्वी गरिबांचे धान्य काळ्या बाजारात जात होतेच. आणि २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची गर्भाशये काढल्याचे प्रकरण राज्यभर गाजले, तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला कुठल्या संगणकाने दिलेला नव्हता. माणूस दया दाखवीलच असे नाही. पण त्याच्यापुढे पदर पसरता येतो, त्याला जाब विचारता येतो, आणि रात्री त्याची झोप उडू शकते.

माझी उडाली, ती अशी. २०२२ साली ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत चालले. मी तेव्हा एका बोर्डिंगचे काम पाहत होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाप मुलाला घेऊन दारात उभा राहिला. दोघे तसेच तोडीवरून आलेले, सामानही बरोबर. प्रवेशाचे अर्ज त्या वर्षीपासून संगणकावर होते आणि मुदत ३१ मेला संपली होती. मी म्हणालो, “संगणक बंद झाला. आता माझ्या हातात काही नाही.” त्याने वाद घातला नाही. “बरं, फादर,” म्हणाला आणि गेला. पुढच्या हंगामात मुलगा बापाबरोबर उसात होता, हे मला फार उशिरा कळले.

पापनिवेदनासाठी मी एका वयस्क गुरुबंधूंकडे गेलो आणि संगणकाचे सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. “तारीख कोणी घातली होती?” त्यांनी विचारले. मीच घातली होती. बदलायला दोन मिनिटेही लागली नसती. मग त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले.

तोडीवरून उशिरा परतणाऱ्या कुटुंबांनी मुलांच्या प्रवेशासाठी रविवारी मिस्सानंतर मला भेटावे. मुदत गेली असली तरी यावे.