ॲसिड नव्हे, पाणी

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र 6:1-2



वीज गेली तरी उपासना थांबू नये म्हणून पुष्कळ मंडळ्यांनी इन्व्हर्टर घेतला आहे. त्याची बॅटरी कोपऱ्यात, कोणाच्या दृष्टीस न पडता काम करीत असते. शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी अशी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लाँते यांनी 1859 साली प्रथम तयार केली. तिची निगा राखण्यात आपणांस मोठा बोध आहे.

बॅटरी चार्ज होत असता, विशेषतः ती भरत आली म्हणजे, आतील पाण्याचे विघटन होते व हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू निघून जातात. ॲसिड मात्र आतच राहते. म्हणजे सेवेला सज्ज होता होताच तिचे पाणी आटते. उरलेले ॲसिड मग अधिक तीव्र होते आणि उघड्या पडलेल्या प्लेटा खराब होऊ लागतात. म्हणून जाणता मनुष्य वरचेवर झाकणे उघडून पाहतो व खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालतो. नळाच्या पाण्यातील क्षार अपाय करतात, म्हणून ते चालत नाही. आणि ॲसिड तर मुळीच घालायचे नसते.

मंडळीत काय घडते? वर्षानुवर्षे पेटी वाजवणारे, हिशेब ठेवणारे, आजाऱ्यांची भेट घेणारे कोणी एके दिवशी तुसडेपणाने बोलतात, उपासनेला येईनासे होतात. आपण लगेच म्हणतो, "यांचा विश्वास थंडावला," आणि दोन कडक शब्द सुनावतो. हे ॲसिड ओतणे होय! तिखटपणा तेथे आधीच वाढलेला आहे; आटले आहे ते पाणी. चुकलेल्यालाही सौम्यतेने सावरावे, एकमेकांची ओझी वाहावीत, असे पौल शिकवतो. मग थकलेल्याशी आपण किती सौम्य असावे!

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. एकात घातलेले पाणी दुसऱ्यात जात नाही. पण एक कोरडा पडला की सारी बॅटरी दुबळी होते. तसेच व्यासपीठावरून सर्वांना केलेला उपदेश प्रत्येकापर्यंत पोहोचतोच असे नाही. एकेकाच्या घरी जावे लागते.

उशीर करू नये. फार दिवस कोरड्या राहिलेल्या प्लेटा मागाहून पाणी घालूनही पूर्ववत होत नाहीत. देवाला काही अशक्य नाही, हे खरे; पण ती आपल्या आळसाला सबब नव्हे.

या आठवड्यात असे एक नाव मनात आणा. त्यांच्या घरी जा, खुशाली विचारा, त्यांच्या कामाचा थोडा भार उचला, सोबत बसून प्रार्थना करा. जिवंत पाणी देणारा प्रभू आहे. झाकण उघडून पाहणे आपल्याकडे सोपवले आहे. आमेन.