विझलेला सिग्नल

नाशिकरोडला डिसेंबरातल्या पहाटे नळाचं पाणी हाताला झोंबतं. तिकडे निफाडच्या बागाईतदारांनी द्राक्षं जपायला रात्रभर शेकोट्या पेटवलेल्या असतात. अशाच एका पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गॅस गीझरने टक् टक् टक् असा आवाज केला आणि तो गप्प झाला. काचेच्या पट्टीवर लाल अक्षरं उमटली : ई-१.

मुलाला ऑफिस गाठायचं होतं. त्याने नळ बंद करून पुन्हा सोडला. टक् टक्, ई-१. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच. “सहा वर्षं झाली याला. आता नवाच आणू,” असं म्हणत त्याने गार पाण्याने अंघोळ उरकली आणि तो गेला. सुनेने गॅसवर पातेलं चढवलं.

अण्णा बाहेरच्या खोलीत बसून हे ऐकत होते. अण्णा रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. इगतपुरी ते कसारा हा थळ घाट त्यांच्या तळहातावरच्या रेषांसारखा पाठ. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट खाली, असा तो उतार. भरलेली मालगाडी घेऊन तिथून उतरणाऱ्या माणसाला एकच गोष्ट तारते, वेळेवर दिसलेली खूण.

त्यांनी नातीला हाक मारली. “चिमे, गीझरबरोबर आलेलं पत्रक शोध बघू.”

पत्रक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या लग्नपत्रिकांच्या तळाशी सापडलं. शेवटच्या पानावर तक्ता होता. चिमीने बोट ठेवून वाचलं, “ई-१. ज्योत दिसली नाही.”

“आता सांग, गीझर काय म्हणतोय? मी बिघडलोय, असं म्हणतोय?”

“नाही. ज्योत दिसली नाही म्हणतोय.”

“का दिसली नाही?”

“ते नाही लिहिलेलं.”

“नसणारच. सिग्नल लाल का आहे ते सिग्नल सांगत नाही. पुढे गाडी उभी असेल, रूळ तुटला असेल. थांब, एवढंच तो सांगतो. बाकीचं आपण शोधायचं.” मग जरा थांबून ते म्हणाले, “आणि दिवाच विझलेला असला, तर?”

“तर जायचं?”

“कधीच नाही. विझलेला सिग्नल लालच समजायचा. नियम आहे तो.”

गीझरही त्याच नियमाने चालतो. त्याच्या पोटात पाण्याची टाकी नसते. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा दाब गॅसची वाट उघडतो, एक पिन ठिणग्या टाकते आणि बर्नर पेटतो. शेजारी दुसरी पिन असते, तिचं टोक ज्योतीत बुडेल अशा बेताने बसवलेली. ज्योतीतून अगदी बारीकशी वीज वाहू शकते. ती वीज या पिनेला मिळाली तर गॅस चालू राहतो. काही सेकंदांत मिळाली नाही, तर गॅस तिथेच बंद. ज्योत असेलही कदाचित, पण दिसली नाही म्हणजे नाही. मला या यंत्रातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गार पाण्याचा राग त्या दोन अक्षरांवर निघतो खरा, पण न पेटलेला गॅस घरात साठू नये म्हणूनच ती उमटलेली असतात. बाकी, हे आकडे कंपनीगणिक बदलतात. एकीचा ई-१ दुसरीकडे भलताच काही असू शकतो. शेजाऱ्याने सांगितलेला अर्थ धरून चालू नये, पत्रक आपल्याच गीझरचं हवं.

अण्णा आणि चिमी शोधाला लागले. गीझरचं सिलिंडर वेगळं होतं. हलवून पाहिलं, चांगलं जड लागलं. रेग्युलेटर चालू. पाण्याला दाब होता. मग अण्णांनी बाथरूमचा दिवा मालवला आणि चिमीला नळ सोडायला लावून गीझरच्या झरोक्यातून आत पाहिलं. ठिणगी बारीक होती, मधूनच चुकत होती. खालचा डबा उघडला तर आत दोन जाडे सेल, त्यातल्या एकाच्या तोंडावर पांढरी बुरशी धरलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल आले. नळ सोडला. भप्प! निळी ज्योत ओळीने पेटली.

“आता लिहून ठेव,” अण्णा म्हणाले. “इंजिनात लॉगबुक असतं. उतरताना ड्रायव्हर त्यात लिहितो, आज काय खटकलं. पुढच्या ड्रायव्हरचा जीव त्या ओळीवर असतो.”

चिमीने कॅलेंडरच्या पाठीवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, लिहिलं : “१२ डिसेंबर. ई-१. सेल बदलले.”

जानेवारीत थंडी आणखी वाढली. बाथरूमच्या जाळीतून वारा यायचा म्हणून मुलाने एका रविवारी तिथे पुठ्ठा कापून घट्ट बसवला. सगळ्यांना बरं वाटलं. त्याच आठवड्यात अंघोळी चालू असताना गीझर अधूनमधून बंद पडू लागला. पट्टीवर ई-६. या खेपेला मुलाने स्वतः पत्रक काढलं. “सलग २० मिनिटं झाली. गीझर बंद करा, खोलीत हवा खेळू द्या.”

“म्हणजे बिघाड नाहीच. नुसतं घड्याळ आहे,” तो म्हणाला. त्याने नळ बंद करून सोडला आणि गीझर खरंच सुरू झाला. घरात चार माणसं, एकामागोमाग एक अंघोळी, शेवटी कपड्यांना गरम पाणी. ई-६ आला की नळ बंद, नळ चालू. सुरू होतोय ना, मग लिहायचं काय? चिमीनेही लिहिलं नाही.

अण्णांची अंघोळ शेवटची असायची. दोन दिवस झाले, तीन झाले, बाहेर आल्यावर त्यांचं डोकं जड व्हायचं, पोटात ढवळायचं. बाल्कनीत अर्धा तास बसलं की हलकं वाटायचं. वय झालं, असं मनाशी म्हणून ते गप्प राहिले.

पाचव्या दिवशी ते दाराची चौकट धरून उभे असलेले चिमीने पाहिले.

“अण्णा, काय होतंय?”

“काही नाही गं.”

“कालपण तुम्ही असंच धरून उभे होतात. कालपण काही नाहीच म्हणालात.”

अण्णा बोलले नाहीत. चिमी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही विझलेला सिग्नल झालात.”

अण्णा खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच दिवस डोकं दुखतंय, अंघोळीनंतरच दुखतंय, मोकळ्या हवेत उतरतंय.

ते ऐकताच सून हातातलं काम टाकून बाथरूमकडे धावली. तिने आधी पुठ्ठा ओरबाडून काढला. क्षणभर नळ सोडून गीझरच्या झरोक्यातून पाहिलं. महिन्यापूर्वी निळी असलेली ज्योत पिवळी होऊन हलत होती. तिने नळ मिटला, सिलिंडर बंद केलं, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि अण्णांना घेऊन थेट दवाखान्यात गेली.

मेकॅनिक दुपारी आला. त्याने कव्हर काढलं. बर्नरवर, वरच्या तांब्याच्या पत्र्यांच्या फटींत काजळी दाटली होती. त्याने पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला.

“ताई, गॅस जळायला हवा लागते. खोली अशी कोंडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. याला वासही नाही, रंगही नाही. रक्तात ऑक्सिजनची जागाच घेऊन बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं, आणि माणूस आतून कडी लावून असतो.”

कोणी काही बोललं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट तरी अधिक घट्ट धरतं, हे मुलगा कॉलेजात शिकला होता. परीक्षेत त्याने लिहिलंही होतं.

“ई-६ येत होता का?” मेकॅनिकने विचारलं.

“येत होता,” मुलगा म्हणाला.

“मग?”

“मी नळ बंद करून परत सोडत होतो.”

मेकॅनिकने मान हलवली आणि तो फडक्याने काजळी पुसत राहिला. काही वेळाने म्हणाला, “हे मशीन बाथरूममध्ये नकोच. बाल्कनीत उघड्यावर लावू, पाइपने पाणी आत आणू. जाळी मात्र उघडी ठेवा. पुढच्या थंडीतसुद्धा.”

अण्णा संध्याकाळी परत आले. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलगा त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला; त्याला बोलायचं होतं, जमेना. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

दोन दिवसांत गीझर बाल्कनीत गेला. चिमीने नव्या वर्षाचं कॅलेंडर उलटं करून लिहिलं : “जानेवारी. ई-६. पाच दिवस आला. कोणी लिहिला नाही.” खाली रेघ ओढली.

आठवड्याने ती दुधाचा खाडा मांडायला गेली, तेव्हा रेघेखाली अण्णांच्या तिरप्या अक्षरात एक नवी ओळ होती : “डावा गुडघा. जिना उतरताना. दिवाळीपासून.”