एकविसावं वचन

इफिसकरांस लिहिलेलं पत्र उघडा. पाचवा अध्याय. बाविसाव्या वचनाकडे लगेच जाऊ नका, ते आपल्याला पाठ आहे. लग्नात ते वाचलं जातं आणि ऐकताना नवरे जरा ताठ बसतात. आज त्याच्या आधीच्या वचनापाशी बसू. तिथे पौल नवरा-बायकोचं नावसुद्धा घेत नाही. ख्रिस्ताविषयीचा आदर मनात ठेवून सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं, एवढंच तो मंडळीला सांगतो.

पुष्कळ छापील बायबलांत या दोन वचनांच्या मधोमध एक मथळा असतो, पती-पत्नीविषयीचा. तो मथळा प्रकाशकाचा. वचनांचे आकडेसुद्धा पौलाचे नाहीत. नव्या कराराला आज आपण वापरतो ते आकडे रॉबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली घातले. काही अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसाव्याकडून घ्यावं लागतं. म्हणजे बायकोला जे सांगितलं ते आधी सगळ्यांना सांगून झालेलं होतं. मथळ्यावर बोट ठेवा, तो झाका आणि दोन्ही वचनं सलग वाचा. घाई नाही.

आता उलट दिशेने, मागे चला. अठराव्या वचनापर्यंत. द्राक्षारसाने धुंद होऊ नका, आत्म्याने भरून जा, असं पौल म्हणतो आणि मग भरून गेलेली माणसं काय करतात ते सांगतो: एकमेकांशी स्तोत्रांतून बोलतात, मनापासून गातात, उपकार मानतात, आणि एकमेकांच्या अधीन होतात. अधीनता आली आहे ती गाण्याच्या आणि उपकारस्तुतीच्या रांगेत. कायदेकानूंच्या किंवा शिक्षेच्या यादीत पौलाने ती घातलेली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. उपासनेत भजन चालू असताना ज्याचा आवाज मोठा असतो तो चांगला गाणारा असेल तर स्वतःहून थोडा खाली येतो, कारण शेजारच्या म्हातारीचा सूर त्याला ऐकायचा असतो. कुणी त्याला गप्प बसवलेलं नसतं. म्हातारीही मग जरा मोकळ्या गळ्याने गाते.

इथे थांबा. तुमच्या घरात मोठा आवाज कुणाचा? प्रश्न गळ्याचा नाही. पैसा कुठे जायचा, मुलं कुठल्या शाळेत, रविवारी कुणाकडे जेवायला, कुणाची नोकरी सुटली तर चालेल, हे कुणाच्या बोलण्याने ठरतं? उत्तर सुचलं की लगेच त्याचं समर्थन करू नका. नुसतं पाहा.

पौलाच्या काळात घराविषयीचे उपदेश नवे नव्हते. ॲरिस्टॉटलनेही राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात घर चालवण्याचा विचार केला आहे. तिथे सगळा विचार घरधन्याचा, त्याने बायकोवर, मुलांवर, दासांवर कशी सत्ता चालवावी याचा. पौल आधी बायकोशी बोलतो, पुढच्या अध्यायात आधी मुलांशी, आधी दासांशी. ज्यांच्याविषयी बोललं जायचं त्यांच्याशी तो थेट बोलतो. मग नवऱ्याकडे वळतो आणि तिथे बराच वेळ थांबतो. बायकांना तीन वचनं, बाकी अध्याय बहुतेक नवऱ्यांना. आणि त्यात एकदाही बायकोला ताब्यात ठेव असं म्हणत नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं दे, म्हणतो. मालकांनाही दासांशी तसंच वागायला सांगतो. तरी हेही लपवू नये की याच ओळी हातात घेऊन शतकानुशतकं माणसं गुलाम बाळगत आली आणि बायकांना गप्प करत आली. धन्याला सांगितलेलं धन्याने वाचलंच नाही.

म्हणून या वचनावर मनन करताना एक नियम पाळावा असं मला वाटतं. आपल्याला सांगितलेलं आपण वाचावं, दुसऱ्याचं त्याला वाचू द्यावं. नवऱ्याने बायकोचं वचन मोठ्याने म्हणायला घेतलं की त्या क्षणी त्याचं स्वतःचं मोडलेलं असतं. मागून घेतलेली अधीनता ही अधीनता नव्हेच. आणि ज्या घरात हात उचलला जातो, धाक असतो, तिथे हे वचन दाराची कडी म्हणून वापरायचं नाही. तिथून बाहेर पडणारी बाई कुठलंही वचन मोडत नाही. हे मनन वाचणारी कुणी अशा घरात असेल, तर तिने पुढचं वाचण्याआधी विश्वासातल्या माणसाला फोन करावा.

काही जण विचारतात, मग शेवटी ठरवायचं कुणी? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात याची एक कसोटी आहे, तीही घरातल्या सर्वांत खाजगी गोष्टीबाबत. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार असं त्या काळचा कुणीही म्हणाला असता. पौल पुढचं वाक्य लिहितो: नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. आणि वेगळं राहायचं झालं तर, प्रार्थनेसाठी का होईना, दोघांच्या संमतीनेच. प्रार्थनेचं कारणसुद्धा एकट्याने ठरवायला पुरत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला इथे टिळक दांपत्य आठवल्याशिवाय राहत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते दुःख ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे आणि टिळकांना कुठे फारसं झाकलेलं नाही, त्यांचा तापटपणा, हातातला पैसा दुसऱ्याच्या अडचणीत देऊन मोकळं होणं, सगळं आहे. आदर्श जोडपं म्हणून मी त्यांच्याकडे पाहत नाही. आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट टिळकांनी बायकोला बाजूला ठेवून केली, आणि त्याची किंमत तिने मोजली. पण पुढचं पाहा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघं पुन्हा एकत्र आले तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या मनाशी सोडवून. त्या काळच्या नवऱ्याला ‘मी सांगतो म्हणून’ एवढं म्हणणं पुरलं असतं. ते पुरेसं नाही हे टिळकांना, उशिरा का होईना, राहून दाखवावं लागलं.

आणि १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. ज्या बाईला धड शाळाही मिळाली नव्हती, तिने नवऱ्याचं काव्य पुढे नेलं. या कामात कोण कुणाच्या अधीन होतं, ते तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही, आणि ठरवता न येणं मला आवडतं.

आता योहानाचा तेरावा अध्याय. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आपलं लक्ष बहुधा धुणाऱ्याकडे जातं. जरा पेत्राकडे पाहा. तो पाय मागे घेतो. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसत नाही. सेवा करून घेणं पुष्कळांना सेवा करण्याहून अवघड जातं. सगळ्यांचं करणारी आणि स्वतःला ताप आला तरी कुणाकडे पेलाभर पाणीही न मागणारी बाई प्रत्येक कुटुंबात असते; तिचं कौतुक होतं. पण घरच्यांना तिच्यासाठी काही करायला कधी जागाच मिळत नाही. एकमेकांच्या अधीन होणं म्हणजे कधी कधी पाय पुढे करणंही.

पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये हे पाय धुणं होतं. फार काळ त्यासाठी नियमाने पुरुषच निवडले जात. २०१६ मध्ये रोमने नियम बदलला आणि स्त्रियांनाही पाय धुवून घेणाऱ्यांच्या बाकावर बसवता येऊ लागलं. त्याआधी, १९८८ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांच्या प्रतिष्ठेवरच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की इफिसकरांस पत्रातली अधीनता दोघांची, परस्परांची आहे. कागदावरून बाकापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. चर्च सावकाश चालतं, घरंही.

मंडळीपुरतं एक जुनं उदाहरण घेऊ. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असला की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, असं तो सांगतो, आणि कारण देतो की देव पुष्कळदा सर्वांत लहानाला अधिक चांगलं सुचवतो. शेवटच्या काही प्रकरणांत तर भावांनी मठाधिपतीचंच नव्हे, एकमेकांचंही ऐकावं असा वेगळा नियम आहे. स्वयंपाकघरातली पाळी आठवडाभर आळीपाळीने असायची, आणि आठवडा संपवणारा व सुरू करणारा मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. निर्णय अखेर मठाधिपतीच घ्यायचा. बेनेडिक्ट भाबडा नव्हता. पण लहानाचं ऐकल्यावाचून घ्यायचा नाही. आपल्या मंडळीच्या सभेत हिशोब वाचला जातो, हात वर होतात, ठराव पास. नुकतीच बदलून आलेली कुटुंबं, भाड्याने राहणारी, मागच्या बाकावरची, यांना कुणी विचारतं का? पुढच्या सभेत तुम्ही विचारा.

आता बायबल मिटा आणि घरातलं एक माणूस मनात आणा, ज्याच्यापुढे तुमचं चालतं. बायको असेल, नवरा असेल, सून, धाकटा भाऊ, कामाला येणाऱ्या मावशी. त्याच्यासाठी काय सोडू, हे ठरवायला बसू नका. त्यातही आपणच ठरवतो. आज संध्याकाळी त्या माणसाला एवढंच विचारा: माझ्यामुळे तुला कुठे गप्प बसावं लागतं? उत्तर येईल तेव्हा मध्ये बोलू नका. ‘कुठेच नाही’ असं उत्तर आलं तर ते लगेच खरं मानू नका, काही दिवसांनी पुन्हा विचारा.