जीर्ण झाले, हे कोणी ठरवायचे?

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राजा उदेनाच्या राण्या बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दान देतात आणि राजाला ते खटकते. संन्याशाला एवढी वस्त्रे कशाला, असे तो आनंदालाच जाऊन विचारतो. चीवरे फाटलेल्या भिक्षूंना वाटू, असे उत्तर मिळाल्यावर राजा जुन्या चीवरांचे काय, म्हणून पुढे विचारतो. त्यांची आच्छादने होतील; ती विरली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके; आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. राजाचे समाधान होते आणि तो आणखी पाचशे वस्त्रे देतो. अपरिग्रहाची याहून काटेकोर मांडणी क्वचितच सापडेल. वस्तू जवळ किती आहेत, यापेक्षा प्रत्येकीचे सामर्थ्य संपेपर्यंत तिला काम मिळते का, ही तिथली कसोटी आहे.

ही कसोटी पॅनासॉनिकच्या जुन्या टफबुक लॅपटॉपला लावून पाहावी. मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच, पडझड आणि धूळ सोसणारी बांधणी यांमुळे सैन्य, पोलीस आणि दुरुस्तीपथके ही यंत्रे वापरत आली. सीएफ-३० मालिकेतले कोअर टू ड्युओ प्रोसेसर असलेले यंत्र आजही धडधाकट असू शकते. पण विंडोज ११ त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच यंत्रावर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले, लिनक्सवर आधारलेले डेबियन १३ एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपसह चालते. म्हणजे निकामीपणा यंत्राच्या अंगात नव्हता. तो एका निर्णयाने बाहेरून लादला गेला होता, आणि निर्णय म्हटला की त्याची नैतिक जबाबदारीही आली.

यावर पहिला आक्षेप असा की मुक्त सॉफ्टवेअरही हेच करते, आणि तो खरा आहे. ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्सच्या कर्नलमधून २०१२ च्या अखेरीस काढला गेला. डेबियन १३ मध्ये ३२-बिट यंत्रांसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही, त्यामुळे पेंटियम एम असलेले सीएफ-१८ टफबुक बाहेर पडले. पण इथे दार बंद करणारा किल्ली घेऊन जात नाही. मूळ कोड उघडा असतो. ज्याला गरज आहे आणि कष्ट उपसायची तयारी आहे, तो पुढे चालवू शकतो. कष्ट कोणी तरी करावेच लागतात, हे मात्र जुन्या यंत्रांचे भक्त सोयीस्करपणे विसरतात. सांभाळणाऱ्यांच्या वेळेवर आपला हक्क आहे असे मानणे हाही परिग्रहच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: जुन्याला कवटाळणे ही आसक्तीच नव्हे का? स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरचे मायक्रोकोड कोअर टू काळातील अनेक प्रोसेसरांना देणार नाही, हे इंटेलने २०१८ मध्ये जाहीर केले होते. कर्नल अद्ययावत ठेवला तरी प्रोसेसरमधली भेग पूर्ण बुजत नाही. शिवाय आजची जड संकेतस्थळे अशा यंत्राला धापा टाकायला लावतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्याचा हट्ट ही आसक्तीच म्हणावी लागेल. आनंद मात्र फाटके चीवर अंगावरच हवे असे म्हणत नाही. तो त्याला पायरी उतरू देतो. ब्राउझर झेपेना तर लेखन. तेही नको असेल तर इंटरनेटपासून तोडून सीरियल पोर्टमधून नेटवर्क स्विचची जोडणी, मोजमापांची नोंद. लिनक्समध्ये चित्रमय पडदा काढून नुसता टर्मिनल ठेवता येतो, म्हणून ही उतरण शक्य होते.

वीज जास्त लागते, हा उरलेला आक्षेप दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रापुरता मान्य करावा. अधूनमधून वापरायच्या यंत्राला तो लागू नाही. लॅपटॉपच्या एकूण कार्बनभारातला मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. म्हणून जुने यंत्र भंगारात देण्याआधी पेनड्राइव्हवरून एकदा लिनक्स चालवून पाहावे, आणि मगच त्याला जीर्ण म्हणावे.