दावीदाचे घराणे

अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची होळी नंदुरबार जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? काठी हे सातपुड्यातील मेवासी संस्थानांपैकी एक. पुढे ही संस्थाने संपली, गादीचा अधिकार संपला. तरीही होळीच्या रात्री मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक पाड्यापाड्यांतून येतात, ढोल घुमतो आणि पहाटे उंच बांबूची राजवाडी होळी पेटते. राज्य गेले, पण राजाच्या होळीला माणसे येतात. दावीदाच्या वंशाचा विचार करताना आम्हांला काठी आठवते ती यामुळेच.

दावीदाला देवासाठी मंदिर बांधावयाचे होते. नाथान संदेष्ट्यामार्फत देवाने उलटच कळविले : घर तू नव्हे, मीच तुझे बांधीन, आणि तुझे सिंहासन सर्वकाळ टिकेल. हिब्रू भाषेत 'बाईत' या एकाच शब्दाने घर व घराणे दोन्ही सांगता येतात. मराठीने घराणे घरातूनच घडविले असल्याने हा श्लेष आम्हांला फोड करून सांगावा लागत नाही.

पुढे इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले. सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले गेले, मग त्याचे डोळे काढण्यात आले. सर्वकाळच्या सिंहासनाची ही गत! ८९ व्या स्तोत्रात भक्त देवालाच जाब विचारतो : तू करार मोडलास. हे गाऱ्हाणे पवित्र शास्त्रातून कोणी गाळले नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

प्रभू येशूच्या ठायी ते वचन पुरे झाले, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु यरुशलेमच्या गादीवर तो कधी बसला नाही. मग वचनाचा अर्थ बदलून ते पाळले म्हणणे ही पळवाट नव्हे काय?

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे ठरविले. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील कितीतरी कुटुंबांना त्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अशा माणसाला 'खरी भूमी स्वर्गात आहे' असे सांगणारा उपदेशक देवाचे नाव व्यर्थ घेतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भेद आहे तो भार कोणी उचलला यात. मनुष्य दिल्या शब्दाचा अर्थ फिरवितो तो बहुधा स्वतःचे देणे कमी करण्यासाठी. तोटा शब्दावर विसंबलेल्याचा होतो. देवाने मात्र देणे वाढविले आणि त्याची किंमत स्वतःच्या देहावर सोसली. दावीदाच्या पुत्राला मुकुट मिळाला तो काट्यांचा, आणि त्याचे राजेपण हिब्रू, लॅटिन व ग्रीक भाषांत लिहिले गेले ते क्रुसावर. ज्या यहुदी बांधवांना ही पूर्ती पटत नाही, त्यांना हिणविण्याचा अधिकार आपल्याला नाही. देव आपली दाने परत घेत नाही, असे संत पौलाने रोमकरांस त्यांच्याविषयीच लिहिले आहे.

२४ डिसेंबरच्या सकाळच्या मिस्सेत नाथानाचे वचन वाचले जाते, पाठोपाठ ८९ वे स्तोत्र येते. त्यातील स्तुतीच्याच ओळी तेथे घेतल्या आहेत, गाऱ्हाण्याच्या नाहीत. नर्मदाकाठच्या विस्थापितांमध्ये बसून ते स्तोत्र वाचण्याचा प्रसंग आला, तर ते शेवटपर्यंत वाचावे.