नातू मागे उभा असताना

नातू आला की मी त्याला आमच्या वर्तकनगरातल्या देवळात नेतो. मी कान धरले की तोही धरतो. हे कळल्यापासून माझा नमस्कार बदलला. पूर्वी गुडघ्यांमुळे उभ्यानेच हात जोडायचो. आता साष्टांग घालतो, सावकाश, त्याला नीट दिसेल असा. परवा उठताना ध्यानात आलं, दत्तमहाराजांकडे बघायचंच राहिलं! बँकेत नव्या मुलाला नोटा मोजून दाखवताना माझीच मोजणी चुकायची, त्यातलाच प्रकार.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने 24 गुरू सांगितले, त्यात एक बाण घडवणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी गेली, त्याला पत्ता नाही. आपल्याला कुणी गुरू करतंय, हे तरी त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं? अजगराला, मधमाशीलाही नव्हतं.

थोर वागतात तसे लोक वागतात, हे गीतेतलं भगवंतांचं सांगणंही खरंच. म्हणून साष्टांग सोडला नाही. फक्त आधी मूर्तीकडे पोटभर बघून घेतो. काल उठलो तर नातू शेजारी नव्हताच. गुरुजींपुढे हात पसरून पेढा मागत होता.