पडीक रानाचा धनी कोण?

विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. यजमान राजाच असेल तर त्याने राज्यातली जमीनही देऊन टाकायची का? जैमिनींच्या पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न येतो. उत्तर आहे, नाही. जमीन सर्वांची सारखीच, ती एकट्याला देता येत नाही. त्यावरील शबरांच्या भाष्यानुसार राजा पिकाचे रक्षण करतो म्हणून पिकाच्या वाट्यावर त्याचा हक्क, भूमीवर नव्हे.

मनुस्मृती मात्र म्हणते, खोडे तोडून ज्याने रान साफ केले, शेत त्याचे. (तिथला मूळ वाद मूल कोणाचे हा आहे, शेत फक्त दाखल्यापुरते.)

पण रान साफ करणाऱ्याचे नातू ते टाकून गेले तर?

१९४८च्या मुंबई कुळकायद्याच्या ६५व्या कलमाने याला हात घातला. धारकाच्या कसुरीमुळे जमीन सलग दोन वर्षे पडीक राहिली, तर चौकशी करून सरकार तिचे व्यवस्थापन आपल्याकडे घेऊ शकते. मालकी नव्हे, व्यवस्थापन. जैमिनींना हा भेद मानवला असता.

कोकणात तरीही मळे ओस आहेत. घरे मुंबईला गेली, सातबारावर चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या वारसांची नावे वाढत गेली. गावात कसायला तयार माणूस असतो. मालक देत नाही, कारण ‘कूळ लागेल’. धास्ती निराधार नाही. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांनी जमीन खरेदी केली असे कायद्याने मानले. पिढ्यानपिढ्या खोताला मक्ता घालणाऱ्यांना तो न्यायच होता. पण त्याच न्यायाच्या आठवणीने आज भूमिहीनाला बांधाबाहेर ठेवले आहे. टाकून दिलेल्या जमिनीवरही मालकाचा जीव असतो, हे धोरण आखणाऱ्यांनी कधी नीट मोजलेले दिसत नाही.

कोकणातल्याच गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी कायद्याऐवजी या जिवालाच हात घातला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर मागितले, गावचे जमीनदार रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले. दान म्हणजे उपकार नव्हे, सम्यक वाटणी, हा शंकराचार्यांचा अर्थ विनोबा सांगत फिरले. या भूदानाचे उद्दिष्ट ५ कोटी एकरांचे होते. मिळाले ४० लाखांच्या वर, आणि त्यातले पुष्कळ खडकाळ किंवा वादातले. नांगराला जे नको होते ते लोकांनी धर्माला दिले, असे म्हणणे कडवट वाटेल, पण वाटपाच्या नोंदी तेच सांगतात.

जपानने मालकीला हात न लावता वाट काढली. २०१४पासून तिथल्या प्रत्येक प्रांतातली सार्वजनिक संस्था मालकांकडून शेते भाड्याने घेते आणि कसणाऱ्यांना देते. तिथे रोख मोठ्या शेतकऱ्यांकडे जास्त आहे. इथे तो अल्पभूधारकाकडे वळवता येईल. मुदत संपली की जमीन परत, ही हमी सरकारने स्वतः घेतली तर मालकाची धास्ती कमी होईल. मात्र करार कोणाशी करायचा? सामाईक सातबारावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागणार, आणि त्यातल्या कित्येकांची वारसनोंद अजून झालेली नाही.